पुढच्या सिंहस्थाला ही फाइल उघडेल का?

२०२४च्या उन्हाळ्यात निफाड तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयाचे सचिव नाशिकमधल्या माझ्या टायपिंग-डीटीपीच्या दुकानात आले. निवृत्त शिक्षक. हातात कापडी पिशवी, पिशवीत एक सीडी आणि वाळवीने कडा खाल्लेली एक स्मरणिका. "ताई, तुमच्याकडेच केली होती ना ही? यंदा अमृतमहोत्सव आहे. जुना मजकूर तसाच घ्यायचा, पुढची पंचवीस वर्षं जोडायची. दोन-चार दिवसांचं काम असेल, नाही का?"

स्मरणिका १९९९ची, सुवर्णमहोत्सवाची. कंपोझ मीच केली होती. त्या वर्षी मार्चमध्ये कुसुमाग्रज गेले, म्हणून आरंभीच सरांनी त्यांच्यावर लिहिलेला चार पानी लेख होता. त्या लेखाची तीन प्रूफं निघाली. सरांनी लाल शाईने केलेल्या खुणा मला अजून आठवतात.

सीडी चालली, हेच पहिलं नवल. फाइलही दिसली. पण उघडली तेव्हा लेखाच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं आणि प्रश्नचिन्हं यांची खिचडी पडद्यावर आली. सर चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "हे माझंच आहे का?" त्यांचंच होतं. अक्षर न् अक्षर त्यांचंच होतं, पण ते आता कोणालाच वाचता येत नव्हतं.

असं का झालं ते जरा सविस्तर सांगते, कारण मला जे म्हणायचं आहे त्याचं मूळ तिथे आहे.

तेव्हा मराठी डीटीपीसाठी, म्हणजे संगणकावर छपाईची पानं लावण्यासाठी, प्रत्येक कंपनीचं सॉफ्टवेअर वेगळं आणि प्रत्येकीच्या फॉन्टची आतली मांडणीही वेगळी. संगणकाला 'क' हे अक्षर म्हणून माहीतच नसायचं. इंग्रजी अक्षरांच्या घरांत देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. एका घरात अर्धा क, दुसऱ्यात काना, तिसऱ्यात वेलांटी. फॉन्ट असेपर्यंत मराठी दिसायचं. फॉन्ट गेला की खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडायची. शिवाय ही सॉफ्टवेअर डोंगलवर चालत. संगणकाच्या मागे प्रिंटरच्या पोर्टला काडेपेटीएवढा एक तुकडा लावायचा, तो असेल तरच काम सुरू. माझा डोंगल अजून ड्रॉवरमध्ये आहे. तो लावायला पोर्ट असलेला संगणक मात्र आता माझ्याकडे नाही, आणि त्याच्यावर चालणारं सॉफ्टवेअर आजच्या विंडोजवर चढत नाही. ते मी रोख पैसे देऊन घेतलं होतं, पावती जपून ठेवली आहे.

लेख सरांचा, छपाई गावच्या वर्गणीची, मेहनत माझी. यातलं काहीच त्या कंपनीचं नव्हतं. तरी ते वाचायची वाट तिच्या दारातून जात होती, आणि ते दार कधी बंद झालं हे आम्हाला कोणी कळवलंही नाही.

वर्ड-एक्सेलची कामं करणाऱ्या लिबरऑफिससारख्या मुक्त सॉफ्टवेअरचा, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरचा, विषय निघाला की आपल्याकडे बोलणं 'फुकट मिळतं' इथे सुरू होतं आणि तिथेच संपतं. पंचवीसहून जास्त वर्षं या धंद्यात काढल्यावर मला खात्री आहे की या मुद्द्याने नाशिकमध्ये कोणी हलणार नाही, कारण इथे लोकांच्या लेखी सगळंच फुकट आहे. असेंबल केलेला संगणक घ्यायला जा, "ऑफिस टाकून देऊ ना?" असं विचारलं जातं आणि टाकून दिलं जातं. कोणतं, कुठून आणलेलं, परवाना कोणाच्या नावावर, हे विचारायची रीत नाही. वर्षभराने मशीन अडलं की फॉरमॅट मारायचा आणि पुन्हा तेच टाकायचं. चोरीची वस्तू ती चोरीचीच, हे मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. पण ज्याला दोन्ही वस्तू शून्य रुपयांत मिळतात, त्याला 'ही स्वस्त आहे' म्हणून सांगण्यात काय अर्थ? आणि उद्या एखाद्या कंपनीने आपलं ऑफिस शाळा-कॉलेजांना खरोखरच मोफत देऊ केलं, तर किमतीवर उभा केलेला सगळा आग्रह तिथेच कोसळतो.

म्हणून किंमत मी बाजूला ठेवते. माझं मागणं एवढंच आहे की दस्तऐवज ज्याचा, त्याला तो कोणाची परवानगी न घेता, कोणत्याही संगणकावर, पन्नास वर्षांनीसुद्धा उघडता आला पाहिजे. घरच्या पत्रांना कोणी काय वापरावं हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण महापालिका, जिल्हा परिषद, विद्यापीठ, बाजार समिती, अनुदानावर चालणारं वाचनालय यांचे दस्तऐवज लोकांचे आहेत. ते खुल्या फॉरमॅटमध्ये असावेत हे आपण हक्काने मागायला हवं.

फॉरमॅट म्हणजे मजकूर फाइलमध्ये कसा भरून ठेवायचा त्याची रीत. ती रीत पूर्णपणे प्रसिद्ध केलेली असली, तिच्यावरून कोणालाही सॉफ्टवेअर लिहायची मोकळीक असली आणि तिच्यात बदल करायचा अधिकार एका मालकाच्या मर्जीवर नसला, की तो फॉरमॅट खुला. हे ऐकून कळत नाही, करून बघावं लागतं. लिबरऑफिसमध्ये एक पत्र लिहा आणि सेव्ह करा. ओडीटी फाइल तयार होईल. तिच्या नावाच्या शेवटी 'ओडीटी'च्या जागी 'झिप' लिहा आणि ती उघडा. आत थोड्या फाइली दिसतील. त्यातली 'कंटेंट' नावाची एक्सएमएल फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडा. खुणांच्या गर्दीत तुमचं पत्र युनिकोड मराठीत, म्हणजे कोणत्याही संगणकाला अक्षर म्हणून कळणाऱ्या मराठीत, जसंच्या तसं सापडेल. उद्या लिबरऑफिस पृथ्वीवरून नाहीसं झालं तरी नोटपॅड असलेला कोणीही माणूस तुमचा मजकूर बाहेर काढू शकेल. सरांना हे करून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे पेटी आहे, पण कुलूप नाही."

या सॉफ्टवेअरला इतिहासही आहे, आणि तो माझ्या डोंगलच्या गोष्टीशेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे. जर्मनीतल्या स्टार डिव्हिजन या कंपनीचं स्टारऑफिस १९९९ साली, म्हणजे आमची स्मरणिका छापली जात होती त्याच वर्षी, सन मायक्रोसिस्टिम्सने विकत घेतलं. पुढच्या वर्षी सनने त्याचा सोर्स कोड, म्हणजे ते सॉफ्टवेअर ज्या मजकुरातून बनतं तो, खुला केला आणि त्यातून ओपनऑफिस उभं राहिलं. २०१० साली सन कंपनीच ओरॅकलच्या हाती गेली. आता या कामाचं काय होणार अशी शंका येऊ लागली, तेव्हा त्यावर खपणाऱ्या अनेकांनी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये डॉक्युमेंट फाउंडेशन ही संस्था जाहीर केली आणि तोच कोड लिबरऑफिस या नावाने पुढे नेला. मालक दोनदा बदलला, तरी जुन्या फाइली उघडत राहिल्या. माझ्या डोंगलवाल्या सॉफ्टवेअरचा कोड कंपनीबाहेर कोणाकडेच नव्हता, त्यामुळे कंपनीने हात काढून घेतल्यावर त्याला पुढे नेणारं कोणी उरलं नाही.

या फाइलींचा फॉरमॅट म्हणजे ओपन डॉक्युमेंट फॉरमॅट, ओडीएफ. तो २००५ साली ओएसिस या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने मान्य केला आणि २००६ साली आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं मानक झाला, क्रमांक २६३००.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वर्डची आजची डॉक्सएक्स फाइलसुद्धा आतून झिप आणि एक्सएमएलच आहे. तिचंही वर्णन प्रसिद्ध आहे आणि २००८ पासून तीही आयएसओचं मानक आहे, क्रमांक २९५००. मायक्रोसॉफ्टने जुन्या डॉक फाइलींचं वर्णनही त्याच वर्षी खुलं केलं. म्हणजे १९९९ची परिस्थिती आज नाही, हे मान्य. मग तक्रार कशाची? ते मानक सहा हजारांहून जास्त पानांचं आहे. त्यात 'स्ट्रिक्ट' आणि 'ट्रान्झिशनल' असे दोन प्रकार आहेत, आणि वर्डमध्ये आपण नेहमीसारखं सेव्ह करतो तेव्हा बनते ती ट्रान्झिशनल, जिच्यात जुन्या आवृत्त्यांच्या सवयी सांभाळण्यासाठीच्या कितीतरी तरतुदी आहेत. दार उघडं आहे खरं, पण उंबरठा इतका उंच की एका कंपनीशिवाय इतरांना तो ओलांडताना ठेच लागतेच.

डॉक्सएक्सचं हे मानक मंजुरीला आलं तेव्हा आपल्या देशाने काय केलं, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. सप्टेंबर २००७च्या मतदानात भारतीय मानक ब्यूरोने विरोधात मत दिलं. दुरुस्त्यांनंतर २००८ मध्ये पुन्हा विचार झाला तेव्हाही भारताचा नकार कायम राहिला. दक्षिण आफ्रिका, ब्राझील आणि व्हेनेझुएला यांच्याबरोबर भारताने अपीलही केलं. ते फेटाळलं गेलं. पण एवढ्या मोठ्या कंपनीसमोर तांत्रिक कारणं मांडून दोनदा 'नाही' म्हणणं ही साधी गोष्ट नव्हती, आणि मला त्याचा अभिमान वाटतो. त्यानंतर नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्र सरकारने ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचं धोरण जाहीर केलं, २०१५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरच्या वापराचं धोरण आलं. मी काही जगावेगळं मागत नाही. सरकारने स्वतःच लिहून ठेवलेलं आहे, ते टेबलापर्यंत पोहोचलेलं नाही.

टेबलावर काय चालतं ते मी रोज पाहते. पेठ तालुक्यातल्या एका बचत गटाच्या अध्यक्ष मागे आल्या होत्या. एका कार्यालयाने त्यांना अर्जाचा नमुना वर्डच्या फाइलमध्ये पाठवला होता, तोही जुन्या फॉन्टमध्ये. मोबाइलवर ती फाइल उघडली की तीच खिचडी. मग एसटीने नाशिकला यायचं, माझ्याकडून तो नमुना पुन्हा टाइप करून घ्यायचा, भरायचा आणि परत जायचं. टायपिंगचे पैसे माझ्या गल्ल्यात पडले. तरी सांगते, ते त्यांनी द्यायला नको होते, आणि तिकिटाचेही नाहीत.

दुसरी तऱ्हा सूचनांची. सूचना संगणकावरच टाइप होते, तिची प्रिंट निघते, सही-शिक्का होतो, मग ती तिरकी स्कॅन होऊन संकेतस्थळावर चढते. आता ती मजकूर राहिली नाही, चित्र झाली. तिच्यात आपल्या गावाचं नाव शोधता येत नाही. ज्याला दिसत नाही त्याच्या संगणकावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर तिच्यापुढे मुकं होतं. दृष्टिहीन विद्यार्थ्याला आपल्याच शिष्यवृत्तीची सूचना दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागते. ज्या फाइलमधून ती प्रिंट काढली ती फाइल कारकुनाच्या मशीनमध्ये असतेच. तीच डिजिटल सही करून पीडीएफमध्ये दिली असती तर अक्षरं अक्षरंच राहिली असती. दीर्घकाळ जपण्यासाठी पीडीएफचा 'पीडीएफ-ए' नावाचा प्रकार २००५ पासून आयएसओचं मानक आहे, आणि लिबरऑफिसमधून तो एका टिचकीत निघतो.

आमच्या घराण्याची नोंद त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडच्या नामावळीत आहे. घरातलं कोणी गेलं की तिथे जायचं, गुरुजी कपाटातून चोपडी काढतात, गावाचं नाव, आडनाव शोधतात आणि आजोबा, पणजोबा, त्यांचेही वडील कधी आले होते ते वाचून दाखवतात. वरच्या पिढ्यांच्या नोंदी मोडीत आहेत. मला मोडी येत नाही. पण मोडी ही कोणाच्या मालकीची लिपी नाही. तिचे वर्ग चालतात, पुस्तकं मिळतात, २०१४ पासून ती युनिकोडमध्येही आहे. मनावर घेतलं तर काही महिन्यांत मी माझ्या खापरपणजोबांची सही स्वतः वाचू शकेन. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडीचे कोट्यवधी कागद पडून आहेत, वाचणारे थोडे आहेत हे दुःख आहेच. पण ते वाचायला कोणाचा परवाना लागत नाही. दीडशे वर्षांपूर्वीची चोपडी मला शिकून वाचता येईल आणि पंचवीस वर्षांपूर्वीची, मी स्वतः टाइप केलेली फाइल वाचता येणार नाही, हे मनाला पटवून घेणं मला जमत नाही.

मराठी माणसाने ही ठेच आधीच खाल्लेली आहे, म्हणून खुल्या मानकांची गरज त्याला इतरांआधी कळायला हवी. जुन्या फॉन्टच्या जंजाळातून आपल्याला बाहेर काढलं ते युनिकोडने, आणि युनिकोड हेही सगळ्यांनी मिळून ठरवलेलं, सगळ्यांना वापरायला मोकळं मानकच आहे. 'ॲ' हे आपलं नेहमीचं अक्षर त्यात २००८ साली आलं. २००९च्या नोव्हेंबरात केंद्राने ई-प्रशासनात भारतीय भाषांसाठी युनिकोड हेच मानक ठरवलं. अक्षराच्या पातळीवर लढाई बरीचशी जिंकून झाली आहे. फाइलच्या पातळीवर मात्र आपण अजून विचारतच नाही.

लिबरऑफिसमध्ये अडचणी नाहीत असं मी म्हणणार नाही. मी रोज त्यात काम करते. मराठीसाठी आधी सेटिंगमध्ये जाऊन 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट', म्हणजे देवनागरीसारख्या लिप्यांची सोय, चालू आहे का ते बघावं लागतं. इंग्रजीचा फॉन्ट वेगळा आणि मराठीचा वेगळा ठेवला जातो, त्यांचे आकारही वेगळे. हे माहीत नसलेला माणूस स्टाइलमध्ये अक्षर मोठं करतो, इंग्रजी मोठी होते, मराठी तशीच राहते, आणि तो वैतागून म्हणतो, हे सॉफ्टवेअर बिघडलेलं आहे. एक्सेलमधले मॅक्रो, म्हणजे ठरावीक कामं आपोआप करणाऱ्या आज्ञा, इथे नेहमी चालतातच असं नाही. स्लाइडची मांडणी सरकते. मराठीचा शब्दतपासनीस सामासिक शब्दांखाली आणि विभक्ती लागलेल्या शब्दांखाली सरसकट लाल रेघा मारत सुटतो.

पण लोक सगळ्यात जास्त ओरडतात ते 'पानं सरकतात' म्हणून, आणि त्यात बहुतेक वेळा दोष फॉरमॅटचा नसतो, फॉन्टचा असतो. वर्डमध्ये मंगल किंवा निर्मलामध्ये टाइप केलेली फाइल विंडोजऐवजी लिनक्सवर चालणाऱ्या मशीनवर उघडली की ते फॉन्ट तिथे नसतात. दुसरा फॉन्ट येतो, ओळी लांब-आखूड होतात, सही खालच्या पानावर जाते. उपाय साधा आहे. मुक्ता, नोटो, लोहित, आयआयटी मुंबईचा शोभिका असे मुक्त परवान्याचे उत्तम देवनागरी फॉन्ट आहेत. दोन्हीकडे तोच फॉन्ट ठेवला की निम्म्याहून जास्त तंटे मिटतात. माझ्या दुकानातून जाणाऱ्या प्रत्येक पेनड्राइव्हवर मी फॉन्टही टाकून देते.

आणि राहिलेल्या अडचणींबद्दल एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्या दूर करायला कोणाच्या बाजारपेठेच्या हिशेबाची वाट बघावी लागत नाही. कंपनी मराठीचं काम हाती घेते ते मराठीत पैसा दिसल्यावर. तो तिचा धंदा आहे, त्यात राग धरण्यासारखं काही नाही. लिबरऑफिसचा मराठी पडदा, मेनू, सूचना हे काम मात्र स्वयंसेवकांनी केलेलं आहे, आणि त्यात आज कोणीही भर घालू शकतं. शब्दतपासनिसाला विभक्ती शिकवायची असेल तर त्याची यादी आणि नियम कोणालाही उघडून बघता येतात. नाशिकमध्ये इंजिनिअरिंग कॉलेजं थोडी नाहीत, मराठीचे प्राध्यापकही थोडे नाहीत. दरवर्षी २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या या गावात भाषणं होतात, दिंड्या निघतात. ते सगळं व्हावं. त्याच दिवशी एका वर्गात वीस मुलांनी बसून मराठी शब्दसूचीत दोनशे शब्द नीट भरले, तर मराठीत टाइप करणाऱ्या प्रत्येकाला त्याचा उपयोग होईल.

'बाहेर कुठे जमलं आहे का?' हा प्रश्न येतोच. जमलं आहे आणि फसलंही आहे. केरळने २००१ साली सुरू केलेल्या आयटी ॲट स्कूल प्रकल्पाने काही वर्षांतच मुक्त सॉफ्टवेअरची वाट धरली आणि तिथल्या सरकारी शाळांतली मुलं त्यावरच शिकली. फ्रान्सच्या जेंडार्मरी या पोलीस दलाने २००५ साली ओपनऑफिस घेतलं. ब्रिटन सरकारने २०१४ साली लिहिण्या-बदलण्याच्या कागदपत्रांसाठी ओडीएफ ठरवलं. जर्मनीतल्या श्लेस्विग-होलस्टाइन या राज्याने २०२४च्या एप्रिलमध्ये सुमारे ३० हजार संगणक लिबरऑफिसवर नेण्याचा निर्णय घेतला. त्याच जर्मनीत म्युनिकच्या महापालिकेने २००३ साली हीच वाट धरली होती, जवळपास १५ हजार संगणक बदलले, आणि २०१७ साली मागे फिरायचं ठरवलं. बाहेरच्या कार्यालयांकडून येणाऱ्या फाइलींशी रोजची झटापट होती, आणि मधल्या काळात वरचं नेतृत्वही बदललं. यातून मला एवढंच दिसतं की एकट्या कार्यालयाने सॉफ्टवेअर बदलून भागत नाही. फाइल देणारा आणि घेणारा यांच्यात फॉरमॅट आधी ठरायला हवा. तो ठरला, की वर कोण कोणतं सॉफ्टवेअर वापरतो याला फारसं महत्त्व उरत नाही. ओडीएफ वर्डमध्येही उघडतं आणि सेव्ह होतं. म्हणून सगळे संगणक एका रात्रीत बदला असा हट्ट मी धरत नाही. आधी फॉरमॅट ठरवा.

आणि ते ठरवायला नाशिकइतकी योग्य जागा मला दुसरी दिसत नाही. या शहराचं घड्याळ बारा वर्षांचं आहे. २००३चा सिंहस्थ, २०१५चा, आणि आता २०२६-२७चा. प्रत्येक वेळी रस्ते, घाट, साधुग्राम, पाण्याच्या टाक्या, शौचालयं, गर्दीच्या वाटा, दवाखाने यांचे आराखडे होतात, हजारो तक्ते बनतात. २००३च्या २७ ऑगस्टला इथे चेंगराचेंगरीत ३९ भाविकांचा जीव गेला. त्यातून जे शिकायचं ते कागदपत्रांतूनच पुढच्या लोकांपर्यंत जातं, कारण अधिकारी बदलतात. बारा वर्षांनी त्याच खुर्चीत तोच माणूस बसलेला नसतो. २००३ साली वर्डची फाइल डॉक होती, आणि कार्यालयांतलं मराठी बहुतेक करून जुन्या फॉन्टमध्ये टाइप होत होतं. २००७च्या ऑफिसबरोबर डॉक्सएक्स आली आणि २०१५चा सिंहस्थ येईपर्यंत सगळीकडे तीच झाली. एका सिंहस्थापासून दुसऱ्यापर्यंत फॉरमॅटही बदलला, अक्षरांची मांडणीही बदलली. २०३९ साली काय असेल हे मी सांगू शकत नाही, कोणीच सांगू शकत नाही. म्हणून तर या वेळचा प्रत्येक आराखडा युनिकोड मराठीत, ओडीएफमध्ये आणि पीडीएफ-एमध्ये, तक्ते सीएसव्हीमध्येसुद्धा, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, अशा जोडीने ठेवले पाहिजेत. कंत्राटदाराकडून काम करून घेताना फाइल कोणत्या फॉरमॅटमध्ये द्यायची याची एक ओळ निविदेत घातली की झालं. कोट्यवधींच्या निविदेत त्या ओळीला एक रुपयाही लागत नाही.

गंगापूर धरणाजवळ १९८९ पासून उभं असलेलं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ नावातच मुक्त आहे. घर-संसार, नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी ते काढलं गेलं. तिथल्या विद्यार्थ्याला स्वाध्याय ओडीटीमध्ये पाठवता यावा आणि तो नि:संकोच स्वीकारला जावा, असं मला मनापासून वाटतं. संगणकाचं प्राथमिक शिक्षण देणाऱ्या आपल्या सगळ्याच वर्गांत मुलाला 'वर्ड येतं का' विचारण्याऐवजी 'पत्र नीट मांडता येतं का, तक्त्यात बेरीज लावता येते का, स्टाइल वापरता येतात का' असं विचारलं जावं. हे ज्याला येतं तो कोणत्याही सॉफ्टवेअरवर दोन दिवसांत रुळतो. मेनूची जागा पाठ केलेल्या मुलाला पुढची आवृत्ती आली की पुन्हा क्लासची फी भरावी लागते.

"आपल्याला काय, चालतंय ना आज?" असं मला परवा एका ग्रामसेवकांनी विचारलं. त्यांना मी सरांची स्मरणिका दाखवली.

त्या स्मरणिकेचं काम दोन-चार दिवसांत झालं नाही, दीड महिना लागला. जुन्या फॉन्टचं युनिकोड करून देणारे काही कन्व्हर्टर स्वयंसेवकांनी बनवून मोकळे ठेवले आहेत, त्यांना किती धन्यवाद द्यावेत ते कळत नाही. आमच्या फॉन्टचा अचूक नकाशा कोणाकडेच नव्हता. त्याच्या जवळचा एक होता. तो लावला तेव्हा साधे शब्द सुटे झाले, पण जोडाक्षरं आणि रफार कोलमडले. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवलेली असत. 'निर्मिती' या शब्दात पहिली वेलांटी 'न'च्या आधी टाइप केलेली, रफार 'म'च्या नंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा. त्यामुळे रफार असलेला प्रत्येक शब्द हाताने बसवावा लागला. सरांचा कुसुमाग्रजांवरचा लेख त्यांनी छापील प्रतीवरून माझ्या शेजारी बसून वाचून दाखवला आणि मी पुन्हा टाइप केला. या वेळी दोनच प्रूफं लागली.

अडलं ते शेवटच्या पानावर. तिथे १९४९ साली वाचनालयासाठी पहिली वर्गणी देणाऱ्यांची यादी होती, ४१ नावं. छापील प्रतीत त्या पानाचा खालचा कोपरा वाळवीने खाल्ला होता. फाइलमधून ४० नावं जुळली. एकेचाळिसावं नाव जोडाक्षरांचं होतं आणि त्याच्यासमोर 'दोन रुपये आणि स्वतःजवळची सहा पुस्तकं' एवढंच नीट आलं. सर तो कागद घेऊन गावातल्या जुन्या घरांमधून फिरत आहेत. मी ती ओळ रिकामी ठेवून पान लावलं आहे.